अनप्लग्ड: जुनं रॉक गाणं लाकडी गिटारवर आणताना नक्की काय मोडतं?

तिरपा_ठेका
रॉक बँड मुरला, केस पिकायला लागले की एक उद्योग ठरलेला: स्टुलं मांडायची, अकूस्टिक, म्हणजे वीज न लागणाऱ्या लाकडी गिटारी घ्यायच्या आणि जुनी हिट गाणी पुन्हा वाजवायची. ईगल्सनी १९९४ मध्ये 'हेल फ्रीझेस ओव्हर'साठी केलं, किसनी १९९५ मध्ये केलं. स्कॉर्पियन्सनी २००१ मध्ये लिस्बनमधल्या एका जुन्या मठात 'अकूस्टिका' रेकॉर्ड केला आणि २०१३ मध्ये अथेन्सला पुन्हा तोच घाट घातला. स्टेटस क्वोसारखा कायम मान खाली घालून बूगी वाजवणारा बँडही २०१४ मध्ये 'अक्वॉस्टिक' घेऊन आला.

माझं मत: यातल्या निम्म्या गाण्यांत फक्त वाद्यं बदलतात, गाणं तसंच राहतं, आणि म्हणूनच ते पडतं. ज्यांनी गाणं खोलून पुन्हा जोडलं, त्यांचंच टिकलं.

प्रश्न असा की कुठल्या प्रकारचं गाणं हा बदल सोसतं, कुठलं नाही, आणि त्याची तांत्रिक कारणं काय? "अंगावर काटा आला" छाप प्रतिसाद कृपया नकोत.

गोट्या_बोरिवली
अंगावर काटा आला.

खर्जातला
पहिलं मोडतं ते सस्टेन, म्हणजे सूर टिकून राहणं. डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) लावलेल्या इलेक्ट्रिक गिटारवर एक सूर चार-पाच सेकंद जवळपास एकाच जोरात उभा राहतो, कारण अँप सिग्नल दाबून सपाट करतो. लाकडी गिटारवर तोच सूर छेडल्या क्षणापासून मरायला लागतो. मूळ गाण्यात गिटारवाला एक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) मारून चार मात्रा हात वर करून उभा असतो. अकूस्टिकवर तिथे भोक पडतं.

हे भोक बुजवायला तीन वाटा आहेत. एक, कॉर्ड फोडून अर्पेजिओ करायचा, म्हणजे दर अर्ध्या मात्रेला नवा सूर येत राहतो. दोन, लांब सूर धरणारं दुसरं वाद्य आणायचं. क्वोनी अकॉर्डियन आणि व्हायोलिनचा ताफा आणला. निर्वाणा बँडच्या १९९३ च्या अनप्लग्ड कार्यक्रमात चेलो होता, आणि एका गाण्यात बेसवाला नोवोसेलिच चक्क अकॉर्डियन घेऊन बसला. तीन, लय बदलून रिकामी जागाच कमी करायची. यातलं एकही न करता नुसत्या गिटारी बदलल्या, तर धागाकर्ते म्हणतात तेच होतं.

सुरपेटी
खर्जातला, दुसऱ्या वाटेसाठी आपल्याकडे हार्मोनियम आहेच की. भाता हळू चालवून षड्ज-पंचम धरून ठेवला की दोन गिटारींच्या मागे मस्त बसतो. फक्त कॉर्डमधला तिसरा सूर पेटीवर देऊ नका. पेटी आणि गिटारचं ट्युनिंग किंचित जरी वेगळं असलं तरी तिथेच आधी ठोके ऐकू येतात. आणि गिटार पेटीला लावायची. पेटी गिटारला लागत नसते. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झ या प्रमाण सुराच्या वर-खाली असतात.

बी_फ्लॅट
सस्टेनइतकीच मोठी गोष्ट राहिली: पॉवर कॉर्ड.

हार्ड रॉकमध्ये कॉर्ड म्हणजे बहुतेक वेळा नुसता मूळ सूर आणि पंचम. गंधार काढलेला असतो, आणि तो उगाच नाही. डिस्टॉर्शन दोन सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार करतं. मूळ-पंचमाचं प्रमाण २:३, त्यामुळे तयार होणारे सूर त्याच घरातले निघतात. शुद्ध गंधार घातला की प्रमाण ४:५ येतं, सप्तकाचे बारा समान भाग पाडणाऱ्या गिटारवर तेही नेमकं बसत नाही, आणि गेन चढवला की चिखल होतो.

तीच पॉवर कॉर्ड स्वच्छ लाकडी गिटारवर वाजवा. पोकळ लागते. म्हणजे आता गंधार घालावाच लागणार, आणि तिथे प्रश्न येतो की कोमल की शुद्ध? मूळ गाण्याने हा निर्णय कधी घेतलेलाच नसतो. गायकाची चाल तपासायची, चालीत जो गंधार लागतो तो घ्यायचा. चाल दोन्हीकडे झुकत असेल तर सस-टू किंवा सस-फोर, म्हणजे गंधाराऐवजी रिषभ किंवा मध्यम घ्या, संदिग्धता राहते. अकूस्टिक अल्बमांत या कॉर्ड सारख्या येतात त्याचं एक कारण हेच.

गोट्या_बोरिवली
म्हणजे तीस वर्षं मेटलवाल्यांना आपलं गाणं मेजर की मायनर हेच माहीत नव्हतं. हसून हसून पुरेवाट.

काडीबहाद्दर
तुम्ही गिटारवाले बोलून दमलात की ड्रमकडे या.

स्नेअर, म्हणजे कडक आवाजाच्या ड्रमवर काठीचा पूर्ण फटका बंद खोलीत शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. अकूस्टिक गिटारचा माईक तो आवाज आधी उचलतो आणि गिटार नंतर. मग साउंडवाला गिटार वाढवतो, फीडबॅक येतो, आणि शिव्या ड्रमरला. उपाय:

काठ्यांऐवजी रॉड्स, म्हणजे बारीक काड्यांची जुडी, किंवा ब्रश. निर्वाणाच्या कार्यक्रमाआधी निर्मात्याने डेव्ह ग्रोलला हेच आणून दिले होते, कारण त्याच्या नेहमीच्या हाताखाली बाकी कुणी ऐकू आलं नसतं. २२ इंची किकऐवजी (पायाने वाजणारा ड्रम) १८ किंवा २० इंची. हाय-हॅटवरचे अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे फटके शेकरला द्या. क्रॅश सिंबल शक्यतो उतरवूनच ठेवा, समोर असला की हात जातोच.

काहोनचं, म्हणजे बसून हाताने वाजवायच्या लाकडी खोक्याचं, एक सांगतो. काहोन म्हणजे किक-स्नेअरची स्वस्त बदली नव्हे. त्यावर स्नेअरचा दोन-चारचा ठोका तेवढाच जोरात मारत राहिलात तर खोक्यावर कुणीतरी बुक्के मारतंय असं ऐकू येतं. अधले हलके घोस्ट फटके भरले तरच तो चालतो.

निषाद_कोमल
गायकांबद्दल कुणीच बोलत नाहीये. साठीतला गायक तिशीतली पट्टी गाऊ शकत नाही. अकूस्टिकचं खरं कारण पुष्कळदा हे असतं, कलात्मक वगैरे नंतर.

पण पट्टी उतरवणं गिटारवर फुकट होत नाही. 'पांढरी तीन'मधलं, म्हणजे ई मधलं गाणं एक पूर्ण सूर खाली डी मध्ये नेलं की खालची मोकळी तार जाते, आणि रिफ, म्हणजे गाण्याची ओळखीची गिटारची ओळ, त्या मोकळ्या तारेवरच उभी असते. मग बोटांचे आकार बदलायचे नसतील तर सगळी गिटारच खाली लावायची. अर्धा सूर खाली नेहमीच्या तारांवर चालतं. पूर्ण सूर खाली नेलं तर १२-५३ च्या संचावर (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत) तारा ढिल्या पडून फ्रेटवर खडखडतात. तिथे १३-५६ चढवा, ताण परत मिळतो. मानेचा वाक एकदा तपासावा लागेल.

क्लॅप्टनच्या १९९२ च्या 'लैला'त पाहा, त्याने रिफ जवळजवळ सोडूनच दिली. मूळ १९७० च्या रेकॉर्डवर गाणं ज्या रिफने ओळखलं जातं तीच. चाल खालच्या सप्तकात आणली, सरळ रॉकचा ठेका काढून शफल, म्हणजे झुलता ठेका घातला, शेवटचा पियानोचा लांबलचक भागही कापला. गाणं खोलून पुन्हा जोडणं म्हणतात ते हे.

बोंबील_फ्राय
क्लॅप्टन बँड नाही. धागा बँडचा आहे.

निषाद_कोमल
बोंबीलभाऊ, मूळ गाणं डेरेक अँड द डॉमिनोज या बँडचं आहे. पुढे?

बोंबील_फ्राय
पुढे काही नाही. वाचतोय.

तीनतेरा_फ्रेट
सोलोंबद्दल. अकूस्टिकवर लोक इलेक्ट्रिकचा सोलो जसाच्या तसा काढायला जातात आणि तिथेच आपटतात.

इलेक्ट्रिकच्या ९-४२ संचाचा एकूण ताण साधारण ३८ किलो. अकूस्टिकच्या १२-५३ चा ७४ च्या आसपास. दुप्पट म्हणा. शिवाय अकूस्टिक संचात तिसरी तार गुंडाळलेली असते, इलेक्ट्रिकवर ती साधी असते, आणि रॉकमधले निम्मे बेंड (तार ओढून सूर चढवणं) त्या तिसऱ्या तारेवरच असतात. पूर्ण सुराचा बेंड ओढायला गेलात की पाऊण सुरावर अडकता. ऐकणाऱ्याला ते बेसूरच लागतं.

पर्याय असे:
– बेंडच्या जागी खालच्या फ्रेटवरून सरकत या, मींडेसारखं.
– एकेका सुराऐवजी तिसऱ्या किंवा सहाव्या सुराच्या जोड्या वाजवा, अंग भरतं.
– लांब सूर हवाच असेल तर मँडोलिनसारखा भरभर पिकने तो चालू ठेवा.
– किंवा सरळ नायलॉन तारांची गिटार घ्या.

ईगल्सच्या १९९४ च्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'त हेच आहे. डॉन फेल्डरने सुरुवातीला स्पॅनिश धर्तीचा नवा तुकडा नायलॉन गिटारवर लावला, ओळखीच्या कॉर्ड येईपर्यंत लोकांना पत्ता नाही कुठलं गाणं आहे. शेवटची दोन गिटारींची जुगलबंदी मात्र ठेवली, कारण ती अर्पेजिओंची आहे, बेंडवर टांगलेली नाही. ती लाकडावर तशीच चालते.

खर्जातला
+१, पण तीनतेरा, त्या गाण्याला एक फायदा आधीपासूनच होता. १९७६ च्या रेकॉर्डवरही पाया बारा तारांच्या अकूस्टिकचाच आहे. बी मायनर, सातव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा), हाताखाली ई मायनरचे आकार. म्हणजे ते परत घरीच आलं.

दोन गिटारींत बसवणाऱ्यांसाठी:

मूळ कॉर्ड: बी मायनर, एफ शार्प सेव्हन, ए, ई, जी, डी, ई मायनर, एफ शार्प सेव्हन.
पहिली गिटार, कॅपो ७: ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी सेव्हन.
दुसरी गिटार, कॅपो २: ए मायनर, ई सेव्हन, जी, डी, एफ, सी, डी मायनर, ई सेव्हन.

सातवरचीने सुटे सूर वाजवायचे, दोनवरचीने ठेका धरायचा. दोघांनी एकदम स्ट्रमिंग केलं तर इतकी खटपट करून एकच जाड गिटार ऐकू येईल. आणि कॅपो लावल्यावर पुन्हा ट्यून करा. सातव्या फ्रेटवर दाबामुळे खालच्या जाड तारा वर चढतात.

ऑडिओकाका
ईगल्सच्या त्या १९९४ च्या रेकॉर्डिंगमधला सुरुवातीचा ढोलाचा खोल 'धम्' गेली तीस वर्षं स्पीकरच्या दुकानांत वाजतोय. गिऱ्हाइकाने स्वतःची सीडी आणली तर त्यातही तोच. दुकानदारांची दया येते.

सर्किट_रानडे
आता कटू सत्य. 'अनप्लग्ड' काही नसतं. सगळं प्लग्डच असतं.

निर्वाणाच्या कर्ट कोबेनची मार्टिन डी-१८ई गिटार पिकअपमधून पेडल आणि फेंडर अँपमध्ये जात होती. निर्मात्याने अँपपुढे खोटं खोकं ठेवून तो मॉनिटर असल्यासारखा लपवला. त्यांनी गायलेल्या डेव्हिड बोवीच्या गाण्यातल्या सोलोत डिस्टॉर्शन सरळ ऐकू येतं. आणि हीच गिटार २०२० मध्ये लिलावात साठ लाख डॉलरच्या वर गेली.

तर पिकअपचं गणित. सॅडल, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीखालच्या पिएझो पिकअपला निदान एक मेगाओहमचं इनपुट लागतं. प्रीअँप नसलेली गिटार थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडली, जे दहा-वीस किलोओहम असतं, तर खर्ज गळून जातो आणि पत्रा वाजवल्यासारखा आवाज येतो. लोक मग मिक्सरवर बेस वाढवतात, त्यातून फक्त गुरगुर वाढते. मध्ये ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटार आणि मिक्सर जुळवून देणारी डबी) टाका, अर्धा त्रास संपला.

पुढे इक्वलायझर: ८० ते १०० हर्ट्झखालचं कापा. पिएझोचा तो बदकी 'क्वॅक' दीड ते अडीच किलोहर्ट्झमध्ये असतो, तिथे तीन-चार डीबी कमी करा. फीडबॅक ड्रेडनॉटमध्ये, म्हणजे मोठ्या अंगाच्या गिटारीत, बहुधा दोन जागी येतो: शंभर हर्ट्झच्या आसपास आतल्या हवेचा, आणि दोनशेच्या आसपास वरच्या फळीचा. अरुंद नॉच लावा, म्हणजे तेवढीच पट्टी कापा, आणि साउंडहोलला रबरी बूच बसवा. बूच हवेच्या घुमण्याला आवरतं, फळीच्या नाही, म्हणून नुसत्या बुचावर विसंबू नका. फेज उलटवायचं बटण असेल तर आधी ते दाबून बघा. कापाकापी न करता कधीकधी तेवढ्यानेच भागतं.

बोंबील_फ्राय
म्हणजे नावात फसवणूक. ग्राहक मंचात जाऊ का?

काडीबहाद्दर
सर्किटराव, बेसचं पण लिहा. अकूस्टिक बेस गिटार दिसायला छान, पण ड्रमच्या बाजूला प्लग न करता ती कुणालाही ऐकू जात नाही. त्यापेक्षा नेहमीचा बेस घेऊन त्यावर फ्लॅटवाउंड तारा, टोन नॉब अर्ध्यावर, आणि पिकऐवजी बोटं. लाकडाच्या जास्त जवळ जातं.

बी_फ्लॅट
धाग्याच्या मूळ मताशी थोडं असहमत. किसनी फार काही खोललं नव्हतं. गिटारी बदलल्या, ठेके तेच, रचना तीच. तरी चाललं. कारण ती गाणी मुळात सरळ कॉर्ड आणि तीन-चार गळ्यांच्या कोरसवर उभी आहेत, आवाजाच्या भिंतीवर नाहीत. एस फ्रेली आणि पीटर क्रिस शेवटी येऊन बसले, १९९६ ला रंग फासून मूळचे चौघे पुन्हा दौऱ्यावर निघाले, तो भाग वेगळा.

म्हणजे कसोटी अशी: गिटार पूर्ण काढून नुसता गळा आणि टाळी ठेवा. गाणं ओळखू आलं तर वाद्यं बदलली तरी तरेल. ओळख फक्त रिफमध्ये असेल तर खोलावंच लागेल.

तिरपा_ठेका
बी_फ्लॅट, कसोटी आवडली. पण मग ज्या गाण्यांचा प्राण पाम म्यूटची, म्हणजे तळव्याने तारा दाबून वाजवलेली, 'चग-चग' आहे त्यांचं काय? ती ना गळ्यात आहे ना कॉर्डमध्ये.

तीनतेरा_फ्रेट
ती गिटारवरून काढून टाका. अकूस्टिकवर पाम म्यूट म्हणजे मेलेला 'थप्'. तो नमुना चेलोला गजाच्या छोट्या फटक्यांत द्या, नाहीतर काहोनला. गिटारने त्यावर मोकळ्या कॉर्ड ठेवायच्या. गिटारवरच हवा असेल तर तळवा ब्रिजपासून किंचित मागे घ्या, म्हणजे थोडा सूर शिल्लक राहतो, आणि जाड पिक वापरा, निदान एक मिलिमीटर.

परदेशी_पाव्हणा
अवांतर: लेड झेपेलिनच्या पेज आणि प्लांटचं १९९४ चं 'नो क्वार्टर' कुणी काढलंच नाही? हॉसम रॅम्झींचा इजिप्शियन ताफा, मोरोक्कोतली रेकॉर्डिंग, 'बॅटल ऑफ एव्हरमोर'मध्ये नजमा अख्तर. अल्बमला नाव त्या गाण्याचं दिलं ज्यात जॉन पॉल जोन्सचा कीबोर्ड मुख्य आहे, आणि जोन्सलाच बोलावलं नाही!

आणि याचं मूळ आपल्या मुंबईत आहे. १९७२ मध्ये पेज-प्लांटनी मुंबईत इथल्याच वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' पुन्हा वाजवली होती. अधिकृतपणे ती बाहेर यायला २०१५ उजाडलं, झेपेलिनच्या 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत.

सुरपेटी
पाव्हणं, हे अवांतर नाहीच. 'फ्रेंड्स'ची गिटार सी-ए-सी-जी-सी-ई अशी लावलेली आहे, म्हणजे मोकळ्या तारांतच षड्ज तीनदा येतो. आपल्या वादकांना ते परकं वाटायचं कारण नव्हतं. 'फोर स्टिक्स' पाच आणि सहाच्या मात्रांत उड्या मारतं. कॉर्ड भराभर बदलणारं गाणं अशा ताफ्याला दिलं असतं तर पंचाईत झाली असती. गाण्यांची निवडच अचूक होती.

गोट्या_बोरिवली
क्वोच्या 'अक्वॉस्टिक'चं कव्हर पाहिलंत का? दोघं आजोबा गिटारीमागे उघडे. फोटो काढलाय ब्रायन ॲडम्सने. अनप्लग्ड म्हणजे कपडेही काढायचे हे कुणी लिहिलं नाही वर.

निषाद_कोमल
गोट्या, गिटार ड्रेडनॉट का लागते ते आता कळलं.

दमट_हवा
मुंबई-कोकण-गोव्यात हे करणाऱ्यांसाठी. सॉलिड लाकडाच्या गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत इथे ८० च्या वर असते. वरची फळी फुगते, ब्रिज वर येतो, तारा फ्रेटपासून लांब जातात आणि सूर वर चढतात. मग एसी हॉलमध्ये तासभर ठेवली की उलटा प्रवास.

केसमध्ये दोन्हीकडे चालणारी आर्द्रतेची पाकिटं ठेवा, साधी सिलिका नको, ती हिवाळ्यात जास्त सुकवते. सॅडल तासायला पावसाळ्यात देऊ नका, डिसेंबरात तारा फ्रेटला टेकतील. स्टेजसाठी लॅमिनेट किंवा कार्बन फायबरची गिटार चालत असेल तर तीच न्या. कोटिंगवाल्या तारा महाग असल्या तरी दमट हवेत साध्या तारांच्या कितीतरी पुढे टिकतात.

तिरपा_ठेका
पुन्हा मूळ मुद्द्यावर. चार-पाच जणांच्या बँडने एक जुनं हार्ड रॉक गाणं बसवायचं ठरवलं, तर कामाचा क्रम काय ठेवाल?

खर्जातला
आधी गायकाची पट्टी. बाकी सगळं त्यावरून ठरतं. मग एक गिटार आणि गळा एवढ्यावर गाणं उभं करा, लय दहा-पंधरा बीपीएम (मिनिटाला ठोके) खाली-वर करून बघा. १२६ चं गाणं ११२ वर कधीकधी शब्दांना जागा देतं, कधी झोपतं. झोपलं तर शफल किंवा सहा-आठात टाकून बघा. त्यानंतर गंधार ठरवा. मग दुसरी गिटार, वेगळ्या कॅपोवर. ताल शेवटी. पहिल्या दिवशीच ड्रम आत घेतला तर सगळे जुन्याच सवयीने जुनंच गाणं वाजवतात.

काडीबहाद्दर
दुखावलो आहे, पण सहमत.

बी_फ्लॅट
एक भर: नुसत्या गिटारीच असतील तर एकीवर नॅशव्हिल ट्युनिंग लावा. खालच्या चार तारा काढून बारा तारांच्या संचातल्या त्याच चार सुरांच्या बारीक, एक सप्तक वरच्या तारा चढवायच्या. दोन गिटारी मिळून बारा तारांसारखं ऐकू येतं आणि मधल्या पट्टीत गर्दी होत नाही. ताण कमी होतो, तेव्हा मान मागे जाऊन तारा खडखडल्या तर ट्रस रॉड (मानेतली धातूची कांब) पाव फेरा सैल करा. एका वेळी त्याहून जास्त नको.

बोंबील_फ्राय
प्रीअँपवाल्या गिटारीतला ९ व्होल्टचा सेल लवकर का संपतो? बटण तर बंदच ठेवतो आम्ही.

सर्किट_रानडे
बहुतेक गिटारींत बटण नव्हे, जॅक हाच स्विच असतो. केबल खोचलेली राहिली की सेल चालू. तालमीनंतर केबल गिटारमधून काढायची, नुसती मिक्सरमधून नाही. आणि आवाज मोठ्या फटक्याला फाटायला लागला तर पिकअपला दोष देण्याआधी सेल बदलून बघा.